राजगीरच्या ऊन पाण्याकाठी



बुद्धगयेची धम्मयात्रा करून आलेल्या आपल्या माणसांना राजगीरबद्दल विचारले, तर बहुतेक जण दोनच गोष्टी सांगतात. गृध्रकूट पाहिला आणि रोपवेत बसलो. बसवाल्याला संध्याकाळच्या आत नालंदा उरकायचे असते, त्यामुळे राजगीरच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. गरम पाण्याच्या कुंडांपाशी गाडी थांबलीच तर दहा मिनिटे थांबते. तिथली देवळे, घंटा आणि गर्दी पाहून आपली माणसे बाहेरूनच परततात. "ते त्यांचे आहे, आपले काही नाही," असे म्हणून मोकळी होतात.

आम्ही २०२३ च्या डिसेंबरात गेलो तेव्हा ठरवूनच दोन रात्री राजगीरला मुक्काम केला. त्या पाण्याचा आपल्याशी काय संबंध आहे, ते तिथे कळले. तेच आज या पानावर सांगावे म्हणतो.

आम्ही म्हणजे आमच्या वस्तीतील विहाराची एकतीस माणसे. रेल्वेतून निवृत्त झालेले दोघे, महापालिकेच्या सफाई खात्यात कामाला असलेले चौघे, घरकाम करणाऱ्या सहा बाया, पालीचा अभ्यास केलेले एक निवृत्त गुरुजी, आम्ही दोघे-तिघे कारकून आणि बाकी लेकुरवाळी मंडळी. वर्षभर दरमहा थोडे थोडे बाजूला टाकून हा प्रवास जुळवून आणला होता. हिशेबाची वही आमच्याकडे होती, म्हणून कुठे किती वेळ थांबायचे हेही बरेचसे आमच्याच हातात होते.

राजगीर बिहारच्या नालंदा जिल्ह्यात आहे. बुद्धगयेहून रस्त्याने सुमारे ७५ ते ८० किलोमीटर, पाटण्याहून सुमारे १००. भोवताली सपाट भातजमीन आणि मधेच टेकड्यांचे कडे. वैभार, विपुल, रत्नगिरी, उदयगिरी आणि सोनगिरी ही त्यांची आजची नावे. सह्याद्री पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना या टेकड्या बुटक्याच वाटतात. पण त्या सपाट मुलुखात त्यांचा केवढा आधार! म्हणूनच मगधाच्या राजांनी या कड्यात आपली राजधानी वसवली. टेकड्यांच्या माथ्यांवरून जाणारी, चुना-मातीविना नुसते प्रचंड दगड रचून उभी केलेली तटबंदी सुमारे ४० किलोमीटर लांबीची आहे. तिचे तुकडे आजही दिसतात. हिवाळ्यात इथे हवापालटासाठी कुटुंबेच्या कुटुंबे येतात. टेकड्यांची कोरडी हवा आणि अंघोळीला ऊन पाणी, या दोन गोष्टींनी हे गाव थंडीच्या दिवसांतले विश्रांतीचे ठिकाण झाले आहे.

ऊन पाण्याची कुंडे वैभार आणि विपुल या दोन टेकड्यांच्या पायथ्याशी आहेत. वैभारच्या बाजूला ब्रह्मकुंड आणि सप्तधारा, विपुलच्या बाजूला सूर्यकुंड आणि मखदूमकुंड. ब्रह्मकुंडाचे पाणी सर्वांत ऊन, सुमारे ४५ अंश सेल्सिअस. मखदूमकुंड सूफी संत मखदूम शर्फुद्दीन यांच्या नावाचे आहे. शीख बांधवांचा गुरुद्वाराही जवळच आहे आणि तिथल्या कुंडाला शीतल कुंड म्हणतात. टेकड्यांवर जैनांची मंदिरे आहेत. दर तिसऱ्या वर्षी अधिक महिन्यात इथे महिनाभर मलमास मेळा भरतो. आम्ही गेलो त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये तो झाला होता. म्हणजे या एका पाण्याभोवती जवळजवळ सगळेच धर्म बसले आहेत.

या सर्वांच्या आधीचे, पाली ग्रंथांतले या पाण्याचे नाव आहे तपोदा. तपोदा म्हणजे तापलेले पाणी. काठावर तपोदाराम नावाचा विहार होता. संयुत्त निकायात समिद्धी नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. पहाटे अंधारातच उठून तो तपोदेवर अंग धुवायला गेला आणि पाण्याबाहेर येऊन एका चीवरावर अंग वाळवीत उभा राहिला, असे त्यात वर्णन आहे. राजा बिंबिसाराने भगवंतांना दिलेले वेणुवन इथून हाकेच्या अंतरावर आहे. सातव्या शतकात चीनमधून आलेल्या ह्यू-एन-त्संगनेही या झऱ्यांची नोंद केली आहे. पूर्वी इथे पाचशे झरे होते, आता काही दशके उरले आहेत, ठिकठिकाणचे लोक येऊन अंघोळ करतात आणि जुनी दुखणी असलेल्यांना त्याने आराम पडतो, असे तो लिहितो. तेव्हा "ते त्यांचे आहे" हे म्हणणे निदान इतिहासाला धरून नाही.

परंतु इतिहास एक आणि पायरीपाशी उभे राहिल्यावर पडणारा प्रश्न वेगळा. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही टॉवेल-कपडे घेऊन निघालो, धुके होते, दात वाजत होते आणि कुंडाच्या दारातच आमच्यात वाद सुरू झाला. आमच्यातला एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या पहिल्याच प्रतिज्ञेत ब्रह्मा, विष्णू, महेश नाकारले. मग ब्रह्मकुंडात उतरायचे कसे? उद्या वस्तीत लोक म्हणतील, हे तिकडे जाऊन तीर्थस्नान करून आले."

त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. आपल्या कितीतरी घरांतून देव्हारा मोठ्या कष्टाने बाहेर गेला आहे. तो पुन्हा मागच्या दाराने आत येऊ नये, ही काळजी योग्यच आहे. दोघे-तिघे त्याच्या बाजूने बोलले. एक-दोघांनी तर परत फिरायची तयारी केली.

त्यावर गुरुजी म्हणाले, "बाळा, कुंडाचे नाव ब्रह्मदेवाचे असेल, पाणी तपोदेचे आहे. आणि पाण्याला कसले आले जानवे? आपण संकल्प सोडायचा नाही, हात जोडायचे नाहीत, पाप धुतले गेले असे मानायचे नाही. अंग धुवायचे. प्रतिज्ञा मोडते ती श्रद्धेने, अंघोळीने नाही."

सफाई खात्यातल्या आमच्या मावशी इतका वेळ गप्प उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, ब्रह्माचं ब्रह्माला लखलाभ. गुडघे माझे हायेत. तीस वरसं रस्ता झाडून गेलेत. मला तेवढे शेकून घिऊ द्या." आणि त्या सरळ पायऱ्या उतरू लागल्या. त्यांच्यामागे बाया उतरल्या. त्यांच्यामागे आम्ही. तो तरुणही शेवटी आला. पायरीवर एकाने आम्हाला नाव-गोत्र विचारले. आम्ही म्हणालो, "सिर्फ नहाना है." तो "जैसी आपकी इच्छा" म्हणून पुढच्या माणसाकडे वळला. ज्या गोष्टीची आम्हाला धास्ती वाटत होती, ती एवढ्यावर मिटली.

हे पाणी तापते कशाने? मुलांनी हे विचारलेच. विनयपिटकात एक जुने उत्तर आहे. महामोग्गल्लान म्हणतात की ही तपोदा मुळात एका स्वच्छ, थंड पाण्याच्या डोहातून निघते. काही भिक्खूंना तेव्हाही हे पटले नाही, त्यांनी कुरकूर केली, हेही त्याच ग्रंथात नोंदले आहे. पुढे भगवंत मोग्गल्लानांच्याच बाजूने निर्वाळा देतात आणि ही तपोदा दोन महानरकांच्या मधून येते म्हणून तापते, असे सांगतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांजवळ जमिनीच्या पोटात पाहण्याचे साधन नव्हते. आज ते आहे. जमिनीत खोल जावे तशी उष्णता वाढत जाते, सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी. टेकड्यांवर पडलेले पावसाचे पाणी कठीण खडकांच्या भेगांतून झिरपत खूप खोल जाते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने दाबाखाली वर येते. राजगीरजवळ ज्वालामुखी नाही, नरकही नाही. आपल्या कोकणात महाडजवळच्या सवला, पालीजवळच्या उन्हेऱ्याला, वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरीला, संगमेश्वर तालुक्यातल्या तुरळ, राजवाडी, आरवलीला आणि दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला ऊन पाणी आहे, तेही असेच खोलवर तापून वर आलेले. महाडला २० मार्चला जाणाऱ्या आपल्या लोकांपैकी काहींनी सवचे पाणी पाहिलेही असेल.

सप्तधारांपाशी दगडी तोंडांतून पाण्याच्या धारा पडतात. खाली उभे राहायचे, डोके-पाठ शेकून घ्यायची. अंगात थंडी भरलेली असताना ती पहिली धार पाठीवर पडली की तोंडातून आपोआप 'हाऽऽ' निघते. शेजारी धनबादकडचे एक खाणकामगार होते, कमरेच्या दुखण्यासाठी आलेले. आमचे रेल्वेतले काका धारेजवळ पोहोचताच ते स्वतः बाजूला झाले आणि म्हणाले, "आइए चाचा, हमारा हो गया." त्यांचे झाले नव्हते, हे आम्हाला दिसत होते.

दुसऱ्या धारेखाली आमच्याच जत्थ्यातला एक पोरगा उभा होता. चांगला कमावता, इंजिनिअर झालेला. मोबाइल मित्राच्या हातात दिलेला, फोटो चाललेले. त्याच्यामागे एक गावाकडची म्हातारी नातवाला घेऊन कुडकुडत थांबली होती. पाच मिनिटे झाली, दहा झाली, गडी हलेना. शेवटी मावशी ओल्या साडीनिशी तिथवर गेल्या आणि म्हणाल्या, "काय रं, नळ काय तुझ्या बापानं बसवलाय? ती म्हातारी दिसंना का तुला?" पोरगा खजील होऊन बाजूला झाला. म्हातारीने नातवाला धारेखाली धरले. मावशींची भाषा तिला कळली नसेल, पण तिने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला.

दुपारी वेणुवनात बसलो. बांबूची बेटे, मधोमध तळे, पलीकडे भगवंतांची मूर्ती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी राजगृहाच्या सुनीत नावाच्या झाडूवाल्याची कथा दिली आहे, ती गुरुजींनी तिथे सांगितली. रस्ते झाडून पोट भरणारा सुनीत भगवंतांना येताना पाहून संकोचाने भिंतीला चिकटून उभा राहिला. भगवंत स्वतः त्याच्यापाशी गेले आणि त्याला संघात घेतले. ऐकताना सफाई खात्यातले आमचे चौघेही मान खाली घालून बसले होते. ज्या गावच्या रस्त्यावर हे घडले, त्याच गावात आपण बसलो आहोत, हे मनात येऊन कोणी काही बोलेना.

सकाळचा प्रसंग मात्र अजून शिजत होता. संध्याकाळी मुक्कामावर जेवणे झाल्यावर त्या पोराने गुरुजींना हसतच विचारले, "गुरुजी, अंघोळ करायलाही नियम आहे का हो धम्मात?" गुरुजी म्हणाले, "आहे. आणि तू सकाळी उभा होतास त्याच पाण्यावर झालेला आहे." मग त्यांनी विनयातली गोष्ट सांगितली. ती अशी.

एके दिवशी मगधाचा राजा बिंबिसार डोक्यावरून अंघोळ करावी म्हणून तपोदेवर आला. पाण्यात भिक्खू होते. आर्यांची अंघोळ होऊ दे, मग आपण करू, म्हणून राजा एका बाजूला थांबला. भिक्खू काही बाहेर येईनात. अंधार पडेपर्यंत ते नाहत राहिले. राजाची अंघोळ अवेळी झाली. तोवर नगराचे दरवाजे बंद झाले होते. स्वतःच्याच राजधानीबाहेर राजाला रात्र काढावी लागली. सकाळी अंगाला लावलेली उटी तशीच असताना तो भगवंतांकडे गेला. एवढ्या लवकर कसे आलात, म्हणून भगवंतांनी विचारले. राजाने घडले ते सांगितले. भगवंतांनी भिक्खूंना बोलावून दोष दिला. राजाला पाहूनही तुम्ही माप न ओळखता नाहत राहिलात, असे म्हणाले. आणि नियम केला, की भिक्खूने पंधरा दिवसांच्या आत पुन्हा अंघोळ करू नये.

कॉलेजात जाणारी आमच्यातली एक मुलगी लगेच म्हणाली, "पण गुरुजी, थांबलेला राजा होता म्हणून नियम झाला ना? माझी आजी थांबली असती तर झाला असता का?"

प्रश्न धारदार होता. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरी, असे विचारायलाच पाहिजे. राजाचे वजन होते, हे खरे. पण नियमाचे शब्द बघ. राजा आला तर बाजूला व्हा, असा नियम केलेला नाही. वरची धार राजाची, खालची रयतेची, असाही नाही. मागे राजा असो की रंक, भिक्खूने मापातच नाहावे, असा तो आहे. राजाकडे शिपाई होते. तो भिक्खूंना बाहेर काढू शकला असता. तो थांबला. आणि भगवंतांनी अंकुश लावला तो राजावर नाही, प्रजेवर नाही, आपल्याच माणसांवर."

मग नियमाची पुढची हकीकत आली, ती आमच्या लोकांना फारच भावली. पंधरा दिवसांचा नियम कडक निघाला. उन्हाळ्यात घामेजल्या अंगाने भिक्खू निजू लागले, चीवरे आणि बिछाने मळू लागले. ते कळताच भगवंतांनी सवलती दिल्या. उकाड्याचे दिवस असतील तर अंघोळ करावी. आजारी असेल तर करावी. प्रवास असेल तर करावी. वावटळीने धुळीत माखून अंगावर दोन-तीन थेंब पावसाचे पडले तरी करावी. आणि काम केले असेल तर करावी. काम म्हणजे किती? ग्रंथ सांगतो, निदान आवार झाडले असेल, तरी ते काम.

"म्हंजी झाडणाऱ्याला सूट हाय की!" मावशी म्हणाल्या, आणि सगळे हसले. पण त्या हसण्यात डोळे पाणावलेलेही काही होते. झाडू मारणे म्हणजे काम आणि काम करणाऱ्या अंगाला पाण्याचा हक्क, हे संघाच्या नियमात लिहिलेले आहे. ज्या देशात झाडणाऱ्यालाच पाण्यापासून दूर ठेवले गेले, त्या देशात हे लिहिलेले आहे.

आणखी एक सवलत आहे. हा नियम मध्यदेशातला. दक्षिणापथाकडील अवंती प्रांतातून महाकच्चान थेरांनी सोण कुटिकण्ण या शिष्याबरोबर निरोप पाठवला, की आमच्याकडच्या लोकांना अंघोळीचे फार महत्त्व आहे. तेव्हा त्या सीमेवरच्या प्रदेशांत नेहमी अंघोळ करायला भगवंतांनी परवानगी दिली. नियम माणसासाठी असतो, हे याहून सोपे करून कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडांच्या मागच्या वाटेने वैभार टेकडी चढलो. वाटेत पिप्पल गुहा म्हणून ओळखला जाणारा प्रचंड दगडी चौथरा लागतो. वर जैन मंदिरे ओलांडून पलीकडे उतरले की सप्तपर्णी गुहा. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर पाचशे भिक्खूंची पहिली धम्मसंगीती राजगृहात झाली. ती या गुहेपाशी भरली, अशी परंपरा आहे. महाकस्सप अध्यक्ष होते. धम्म आनंदाने सांगितला, विनय उपालीने सांगितला. उपाली म्हणजे शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येला आले तेव्हा त्यांनीच भगवंतांना विनंती केली, की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा अहंकार उतरेल.

गुहेपुढच्या कातळावर बसलो होतो. खाली, टेकडीच्या पायथ्याला ऊन पाणी. त्या पाण्यावरून झालेला नियम, पाचशे थेरांसमोर वर टेकडीवर कोणी म्हणून दाखवला? एका न्हाव्याने. आणि सगळ्या संघाने तो मान्य केला. हे ध्यानात आले तेव्हा ब्रह्मकुंडात उतरावे की नाही, हा पहिल्या दिवशीचा वाद आम्हाला फार लहान वाटू लागला. वाद घालणारा तो तरुणच म्हणाला, "कुंड कुणाचं यावर आपण भांडलो. धारेखाली किती वेळ उभं राहायचं, ते तर आपल्याच हातात होतं."

वाचकहो, पाण्याचा हक्क म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. दहा वर्षे कोर्टात एका ओंजळीसाठी. ती लढाई होती दाराबाहेर उभे ठेवलेल्यांची. ती पुष्कळ गावांत आजही संपलेली नाही.

पण तपोदेच्या काठची गोष्ट आहे ती ज्यांना पाणी मिळाले त्यांची. आपल्यातल्या काहींना बाबासाहेबांच्या पुण्याईने धार मिळाली आहे. नोकरी मिळाली, क्वार्टर मिळाले, मुले इंग्रजी शाळेत गेली. आपण धारेखाली उभे आहोत. आपल्यामागे कोण कुडकुडत थांबले आहे, हे वळून पाहतो का? विहाराच्या कमिटीवर वीस-वीस वर्षे तीच नावे का असतात? शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे मिळतो, भरतीची जाहिरात कधी निघाली, हे ज्याला आधी कळते तो शेजारच्या खोलीत जाऊन सांगतो का? चाळीच्या नळावर 'माझा हंडा आधी' म्हणणाऱ्या बाईवर आपण टीका करतो, पण तिला तरी एकच हंडा भरायचा असतो. आम्ही कारकून माणसे. जमा किती झाले याची नोंद सगळेच ठेवतात. पुढच्याला किती सोडले, याचाही रकाना वहीत असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जाणाऱ्या कुटुंबांसाठी चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो.

राजगीरला निदान एक रात्र मुक्काम ठेवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. गावाला रेल्वे स्टेशन आहे, पाटणा आणि गयेहून बसही मिळते. नालंदा इथून सुमारे १२ ते १५ किलोमीटर. रत्नगिरीवरचा विश्वशांती स्तूप १९६९ साली उभा राहिला. तिथे जायला एकेका खुर्चीचा जुना रोपवे होता, २०२१ पासून आठ जणांच्या बंद डब्यांचा नवा रोपवेही आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना अडचण पडत नाही. गृध्रकूटाची चढण सोपी आहे, पण सप्तपर्णीला सकाळीच निघावे, सोबत पाणी घ्यावे आणि एकटे जाऊ नये.

कुंडावर पहाटे लवकर जावे, गर्दी कमी असते. पाणी ४५ अंशांपर्यंत ऊन असते, तेव्हा एकदम डोके धारेखाली घालू नये. आधी पाय, मग गुडघे, मग पाठ. पाच-दहा मिनिटे पुरेत. रक्तदाबाचे आणि हृदयविकाराचे रुग्ण आणि गरोदर भगिनी यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर चटका बसलेला कळत नाही, म्हणून हाताने पाणी अजमावून घ्यावे. लहान मुलांना फार वेळ ठेवू नये. नाकात पाणी जाऊ देऊ नये, पाणी पिऊ नये. अंगावर चिघळलेली जखम असेल तर उतरू नये, स्वतःसाठीही आणि दुसऱ्यासाठीही. शेकाने सांधे मोकळे होतात, बरे वाटते, हे खरे. पण औषध-गोळ्या बंद कराव्यात असे त्या पाण्यात काही नाही. मावशींचे गुडघे दोन दिवस हलके होते, तिसऱ्या दिवशी गाडीत पुन्हा दुखू लागले. त्या म्हणाल्या, "दोन दिस तरी बरं वाटलं की."

आणि धारेखाली उभे राहिलात की एकदा मागे वळून पाहा. कोणी थांबले असेल तर आपली अंघोळ झाली असे समजा.

जय भीम!